सब्जेक्ट नंबर एकची चाल

मु. बोदलकसा, ता. तिरोडा, जि. गोंदिया
६ जानेवारी २०२५

चि. रुचिकास,

आशीर्वाद. तुझे खोके परवा दुपारी पोचले. पोस्टमन इंद्रकुमार ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मास्तर, हैदराबादवरून चपला आल्या. तिरोड्यात चपला भेटून नाई राहिल्या का?" मी म्हटले, बाबा, ही पादत्राणे नव्हेत, हे बायोइंजिनिअरिंग आहे. तेव्हा त्याने त्या उलटून पाहिल्या, नाकाशी नेल्या आणि म्हणाला, "वास तं चपलेचाच येते."

तुझी सूचनांची चिठ्ठी मी तीनदा वाचली. चपलेच्या तळाशी सहा-सहा सेन्सर, कमरेला हालचाल टिपणारी डबी, डबीत सिमकार्ड. रोज सकाळी तासभर चालायचे, असे एकवीस दिवस. मी इकडे तलावाच्या पाळीवर पाऊल टाकले की तिकडे तुझ्या संगणकावर त्याची रेघ उमटणार. नातीच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा शेवटचा प्रकल्प माझ्या दोन पायांवर उभा राहणार, हे वाचून मी तुझ्या आजीला हाक मारली. ती म्हणाली, "दोन कायले म्हणता, दीड म्हणा." तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

उत्तर मात्र पत्रानेच दे. फोनवर तू "हो आबाजी, हो आबाजी" म्हणतेस आणि मागे तुझी बोटे दुसरीकडेच टकटकत असतात.

चालण्याचा विषय निघाला की मला माझी शाळा दिसते. चौथीचा वर्ग पत्र्याखाली एका सुरात कविता म्हणायचा आणि बाहेर धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया त्याच ठेक्यावर वाकायच्या. कोण कोणाचा ठेका धरत होते, ते शहात्तराव्या वर्षीही मला ठरवता आलेले नाही.

असो. कालपासून चपला न घालता सराव करतो आहे. छत्तीस वर्षे मुलांना सांगितले, आधी कच्च्या वहीत, मग पक्क्या वहीत. आता कॉलेजात चाल पाठवायची तर ती सुवाच्य हवी. दोन दिवस कच्चे चालून घेतो. ८ तारखेपासून पक्के.

तुझा,
आबाजी (बकाराम)

•

मुलींचे वसतिगृह, हैदराबाद
१३ जानेवारी

प्रिय आबाजी,

नमस्कार. सगळ्यात आधी, सराव बंद करा. कच्चं नाही, पक्कं नाही. तुम्ही दूध आणायला जाता तसं चाला. मला तुमची रोजची, चुकांसकट चाल पाहिजे.

कशासाठी ते एकदा नीट सांगते, कारण घरी कोणालाच मी काय शिकते ते माहीत नाही. पप्पांना वाटते मी धानाचं नवं बियाणं काढून राहिले आणि ते त्यांच्या कृषी केंद्रात विकायला येणार. तसं नाही. आम्ही शरीराला यंत्र समजून अभ्यास करतो. हाड म्हणजे पूल, त्याच्यावर किती वजन पडते. हृदय म्हणजे पंप. पहिल्या वर्षी बेडकाच्या पायाला करंट दिला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. आता चौथ्या वर्षी जेवते.

माझा प्रकल्प असा आहे. म्हातारं माणूस पडायच्या आधी, दोन-चार पावलं आधीच, त्याची चाल बिघडते. ते डबीनं ओळखायचं आणि घंटी वाजवायची, म्हणजे माणूस काहीतरी धरून उभा राहील. बस, एवढंच. पण त्यासाठी खऱ्या चालीचा डेटा लागते.

मी पाच जणांना चपला दिल्या होत्या. एकांनी त्या चांगल्या आहेत म्हणून कपाटात ठेवून दिल्या. दोघांनी चार्जिंगला घाबरून परत केल्या. चौथे मंदिरात गेले आणि त्यांच्या चपला डबीसकट चोरीला गेल्या, त्यामुळे तीन दिवस मी चोराच्या चालीचा अभ्यास केला. फार निरोगी माणूस आहे. म्हणजे उरले तुम्ही. आमच्या कागदांत तुमचं नाव नाही, फक्त 'सब्जेक्ट नंबर एक' आहे. मार्चमध्ये प्रकल्प दाखवायचा आहे. तुमचा डेटा नीट आला नाही तर माझं वर्ष जाईल, आणि हे मी तुम्हाला घाबरवायला नाही लिहून राहिले.

आजी दीड का म्हणाली?

तुमची,
रुचिका

•

बोदलकसा
२२ जानेवारी

चि. रुचिकास,

आशीर्वाद. तुझे पत्र १८ तारखेला मिळाले. तोवर माझे दहा दिवस पक्के चालून झाले होते. मधेच चाल बदलली तर वहीत अक्षर बदलल्यासारखे दिसेल आणि तपासणाऱ्याला वाटेल की अर्धा गृहपाठ दुसऱ्याने केला. म्हणून तीच ठेवली आहे. आठवड्याचे सहा दिवस एक, आणि गुरुवारी दुसरी, जरा कठीण. कोणत्या, ते तू ओळखशीलच. तूही माझीच विद्यार्थिनी.

सकाळचा तलाव तू पाहायला हवास. परदेशी बदके उतरली आहेत, ढिवर कोळ्यांचे डोंगे धुक्यात अर्धे दिसतात अर्धे नाहीत, पलीकडे तिरोड्याच्या वीजकेंद्राची धुरांडी, आणि या सगळ्यातून मी कमरेला निळा दिवा लुकलुकत चाललेलो. पाळीवर रोज भेटणाऱ्या धुरपताबाईने पहिल्या दिवशी हात जोडले. दुसऱ्या दिवशी विचारले, "काऊन जी मास्तर, हैदराबादवाले आपल्यालेबी पाहून राहिले का?" मी म्हटले, नाही, फक्त पाय. तेव्हापासून पाळीवरची मंडळी माझ्या मागून येताना धोतरे नीट करून, पाय धुऊन येतात. काल सतरा जण होते.  मी थांबलो की सगळे थांबतात.

शेजारचा जागेश्वर हट्टाला पेटला की, "माह्या बैलाचंबी मोजून घे ना गा मास्तर. माणसाचे पाय मोजते, तं बैलाले दोन जास्तच हायेत." मी नाही म्हटले. पण रविवारी शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी डबी तासभर सापडत नव्हती. मग ती बैलाच्या शिंगाला बांधलेली सापडली. बैल पहिला आला. जागेश्वर श्रेय तुमच्या कॉलेजला देतो.

आजीचे दीड म्हणजे तिची थट्टा. संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे.

आबाजी

•

हैदराबाद
१ फेब्रुवारी

प्रिय आबाजी,

एकवीस दिवस पूर्ण झाले, थँक्यू. तिळगूळ मिळाला. आता मी जे विचारते त्याचं खरं उत्तर द्या.

तुमची चाल पाहून माझ्या गाईड मॅडमनी चष्मा पुसला. तुम्ही एक पाऊल आखूड टाकता, मग दोन लांब. परत एक आखूड, दोन लांब. असं चार वेळा. मग थांबता. मग परत पहिल्यापासून. एक तास. रोज. मिलिसेकंदाचा फरक नाही. गुरुवारी एकोणीस पावलांचा काहीतरी भयंकर प्रकार आहे, त्यात बाराव्या पावलावर तुम्ही श्वास घेता. मी चार पुस्तकं पाहिली. अशा चालीचा आजार कोणत्याच पुस्तकात नाही. मॅडम म्हणाल्या, मेंदूचं काही असू शकते, नवीनच.

घंटी एकवीस दिवसांत एकदाही वाजली नाही. बैलाच्या वेळी पण नाही. खरं सांगायचं तर त्या बैलाची चाल तुमच्यापेक्षा नॉर्मल आहे.

आबाजी, गोंदियाला जाऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मी पप्पांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ते गाडी घेऊन येतील आणि तुम्हाला तिरोड्याला उचलून नेतील. तुम्ही मधे कधी पडला होता का?

रुचिका

•

बोदलकसा
९ फेब्रुवारी

चि. रुचिकास,

तुझे पत्र वाचून ऊर भरून आला. एक आखूड, दोन लांब, असे चार. अगदी जवळ पोचली आहेस. गुरुवारच्या बाराव्या पावलावरचा विराम तू पकडलास, तो तर माझ्या वर्गात वर्षाला एखाद्यालाच सापडायचा. तुझ्या मॅडमनी चष्मा पुसला, यातच सारे आले. पण नाव मी सांगणार नाही. उत्तर फळ्यावर लिहून दिले की ते पोराचे राहत नाही.

तुला मदत व्हावी म्हणून या आठवड्यात आणखी दोन प्रकार चालून पाठवले आहेत. एक सुरुवातीला भरभर आणि नंतर संथ. दुसरा फार हळू, पहिली चार पावले हत्तीसारखी. पाळीवरच्या मंडळींनाही आता जमू लागले आहे. धुरपताबाई दहाव्या पावलावर चुकते, बाकी उत्तम.

डॉक्टरची गरज नाही. मेंदू जागेवर आहे, त्याचा पुरावा तुझ्याकडे रोज जातोच आहे.

आबाजी

(त्याच पाकिटात, वहीच्या फाटक्या पानावर)

रुचे,

तुह्या आबाजीनं पाकीट चिकटवाले मले देल्लं, म्हणून ही चिठ्ठी घालून राहिली. त्याईले सांगू नको. ते कविता चालून राहिले. मनात म्हणते आन् त्याच्यावर पाय टाकते. वृत्त म्हणते त्याले. कार्तिकात धानाच्या बांधीत धुऱ्यावरून पडले, डावा पाय तवापासून मांगं राह्यते. कोणाले सांगू देल्लं नाई. कविता म्हटली का पाय बरोबर पडते, नाई म्हटली का नाई पडत. आता दूध आणालेबी तसेच जाते. दुधवाला म्हणते, मास्तर नाचत येते. मले हसूबी येते आन् रडूबी येते. तू काय शिकली त्याच्यात याचं औषध असन तं पाहजो.

आजी (सुलोचना)

•

हैदराबाद
२० फेब्रुवारी

आबाजी,

भुजंगप्रयात. गुरुवारी शार्दूलविक्रीडित. झालं समाधान? सातवीत तुम्ही माझ्या पाठीवर ताल धरून शिकवलं होतं, तरी मला आता लॅबमध्ये बसून बोटं मोजावी लागली. मी तुम्हाला चाला म्हटलं होतं आबाजी, म्हणा नाही.

आता काय झालं ते ऐका. मी तुमचा डेटा जमा केला. कॉलेजच्या संगणकानं तो तपासला आणि शेरा दिला की ही चाल माणसाची नाही, ही कोणीतरी फॉर्म्युला टाकून घरी बनवली आहे. माणूस इतका सारखा चालतच नाही. आता माझ्यावर खोटा डेटा बनवल्याचा आरोप आहे. २४ मार्चला समिती बसणार आहे. त्यांना पटलं नाही तर प्रकल्प रद्द, वर्ष रद्द, आणि माझ्या नावावर तसं पत्र निघेल, ते नोकरीच्या ठिकाणी पण जाईल. अध्यक्षांनी मला समोर बसवून विचारलं, "तुझे आजोबा सॉफ्टवेअर आहेत का?" मी म्हटलं, रिटायर्ड शिक्षक आहेत. ते म्हणाले, "पुरावा आणा. सब्जेक्ट नंबर एक हा मनुष्य असल्याचा पुरावा."

फक्त एकाच गोष्टीवर ते अडखळले. १९ जानेवारीला सब्जेक्ट ताशी अडतीस किलोमीटरनं पळतो आणि नंतर चार मिनिटं डोकं झटकून माशा हाकलल्यासारखा हलतो. एक सर म्हणाले, खोटं बनवणारा एवढा मूर्खपणा करणार नाही. म्हणजे सध्या माझी सगळी इज्जत जागेश्वरकाकाच्या बैलावर आहे.

दोन गोष्टी करा. समितीला पत्र लिहा. आणि तीन दिवस साधं चाला. कविता न म्हणता. फक्त तीन दिवस.

रुचिका

•

अर्ज

दिनांक २८ फेब्रुवारी २०२५
प्रति, माननीय अध्यक्ष व सदस्य, चौकशी समिती, बायोइंजिनिअरिंग विभाग

विषय : माझी चाल माझीच असल्याबाबत.

महोदय,

मी, बकाराम, वय ७६, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार बोदलकसा, विनंतीपूर्वक कळवतो की दिनांक ८ ते २८ जानेवारी या काळात आपल्याकडे पोचलेली पावले मी स्वतः, स्वतःच्या पायांनी, पूर्ण शुद्धीत टाकलेली आहेत. सोमवार ते बुधवार व शुक्रवार ते रविवार भुजंगप्रयात, गुरुवारी शार्दूलविक्रीडित. यात कोणत्याही यंत्राची मदत घेतलेली नाही. अपवाद १९ जानेवारी. त्या दिवशीची पावले बैलाची असून ती माझ्या नावावर धरू नयेत, अथवा बैलाच्या नावावर माझी धरू नयेत.

चाल सारखी आहे हा तिचा दोष मानला गेल्याचे समजले. छत्तीस वर्षांत मी सारखेपणाला गुण देत आलो. नियम बदलले असल्यास आगाऊ कळवावयास हवे होते. विद्यार्थिनीचा यात अपराध नाही. तिने साधे चाला असे सांगितले होते, ते मी ऐकले नाही.

सोबत : (१) सरपंच शामकलाबाई यांचा दाखला, की सदर इसम मनुष्य असून गावात राहतो व चालतो. (२) पाळीवर मागून चालणाऱ्या सतरा ग्रामस्थांच्या सह्या, पैकी चार अंगठे. (३) जागेश्वर यांचे बैलाबाबत स्वतंत्र निवेदन.

आपला विश्वासू,
बकाराम

•

हैदराबाद
८ मार्च

आबाजी,

अर्ज पोचला. मी हिंदीत करून दिला. समितीनं तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं. दाखला चालणार नाही म्हणाले, कारण दाखल्यावर चाल दिसत नाही. उलट मागून सतरा माणसं चालत होती म्हटल्यावर नवा प्रश्न आला, की नेमक्या कोणाच्या चपला होत्या. २४ तारखेला सब्जेक्टनं स्वतः हजर राहून त्यांच्या समोर, त्यांच्या चटईवर चालायचं. आधी कवितेवर. मग कवितेशिवाय, तुलनेसाठी.

आणि साध्या चालीचे तीन दिवस आलेच नाहीत. डबी चालू आहे, चपला चालू आहेत, तुम्ही फक्त अंगणात खाटेपर्यंत गेले आणि परत. रोज सहा पावलं.

आबाजी, मला आजीनं सांगितलं आहे. तिच्यावर रागावू नका. तुम्ही नाही आलात तर माझं वर्ष जाईल, पण मी तुम्हाला या असं म्हणून नाही राहिले. पाय सांभाळा. पडला तर मी हा सगळा अभ्यास कायले केला?

रुचिका

•

बोदलकसा
१४ मार्च

चि. रुचिकास,

आज धुळवड. गल्लीत पोरे रंगली आहेत आणि मी दार लावून लिहितो आहे.

आजीवर रागावलो नाही. थोडा रागावलो, पण तिने पळसाचा रंग डोक्यावर ओतला, तेव्हा विषय संपला.

होय, पडलो होतो. कार्तिक वद्य पंचमी. धान कापून झाले होते, खाली पेरलेली लाखोळी नुकती हिरवी दिसत होती, मी धुऱ्याच्या बांधावर उभा राहून ते पाहत होतो आणि डावा पाय माझ्याशी न बोलता निघून गेला. उठलो तेव्हा तो परत आला होता, पण पूर्वीसारखा नाही. जणू वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा. हाक मारली तर येतो, नाहीतर खिडकीबाहेर बघतो. कवितेची हाक त्याला ऐकू येते. का, ते तुझ्या पुस्तकात असेल. मला एवढेच माहीत की लघु-गुरू मोजत गेलो की तो रांगेत येतो.

तू साधी चाल मागितलीस आणि मी ती दिली नाही, कारण ती दाखवण्यासारखी नाही. कच्ची वही मी कधी साहेबांना दाखवली नाही, स्वतःच्या नातीला कशी दाखवू? तुझ्या बापाला कळले तर तो मला तिरोड्याला नेईल आणि खताच्या पोत्यांमागच्या खोलीत ठेवील. चांगल्या मनाने ठेवील. पण तिथे तलाव नाही.

हे सगळे खरे. पण तुझे वर्ष जाऊ देणार नाही. २२ तारखेच्या गाडीने निघतो. आजी येते आहे, माझ्यासाठी. जागेश्वर येतो आहे, बैलासाठी.

आबाजी

•

बोदलकसा
२ एप्रिल

चि. रुचिकास,

आशीर्वाद. आपण परवा-परवा भेटलो, तरी पत्र लिहितो आहे. तिथे तू घाईत होतीस, आणि त्या दिवशी काय झाले ते मला माझ्या बाजूने एकदा कागदावर हवे होते.

ती काळी चटई पाहून मला परीक्षेचा फळा आठवला. पाच जण ओळीने बसलेले, भिंतीवर मोठा पडदा. अध्यक्षांनी विचारले की मी कोणाची कविता म्हणणार, कारण ती दुसऱ्याची असेल तर परवानगी लागेल. मी म्हटले, माझीच आहे, एकच ओळ आहे : जुनी वाट माझी पुन्हा आज आली. चाळीस वर्षांत दुसरी सुचली नाही. त्यांनी ती संगणकात घातली, चोरीची आहे का पाहायला, आणि सांगितले, शून्य टक्के. माझ्या काव्याला आजवर मिळालेला हा पहिला अभिप्राय.

मग चाललो. बारा पावले, विराम, बारा पावले. पडद्यावर रेघ उमटत गेली आणि शेजारी जानेवारीची रेघ होती. दोन्ही एकमेकींवर बसल्या.  तेव्हा ते पांढऱ्या मिशांचे, पूल बांधणे शिकवणारे सर उठले. "हे शार्दूलपण चालतात ना? आमच्या तेलुगूतही आहे, शाळेत छडी खाऊन शिकलोय," असे हिंदीत म्हणत त्यांनी बूट काढले आणि माझ्याबरोबर चटईवर आले. एकोणीस पावले आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. बाराव्यावर दोघे एकदम थांबलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, माझ्याही असेल. अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही समितीत आहात." ते म्हणाले, "हो, विसरलो." मागे जागेश्वर कोणीही न विचारता मोबाइलवर बैलाचा फोटो सगळ्यांना दाखवत होता. "हाच तो, साहेब. याच्याबद्दल काई शंका?"

आणि मग साधे चालणे. कविता बंद करायची म्हणजे काय, ते मला त्या आठ मीटरवर कळले. डोके एकदम रिकामे झाले, सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखे. एक पाऊल. दुसरे. दुसऱ्यालाच तुझी घंटी वाजली. मला वाटले, काहीतरी बिघडले. चौथ्या पावलाला डावा पाय मागे राहिला आणि मी गेलो. मिशांच्या सरांनी धरले म्हणून डोके वाचले, गुडघा नाही.

मी जमिनीवर, आणि सगळी समिती टाळ्या वाजवते आहे. तुझ्या मॅडम ओरडून सांगताहेत, दोन पावले आधी, पूर्ण दोन पावले आधी. अध्यक्ष उभे राहिले. तुझी आजी म्हणाली, "माणूस पडला आन् हे टाळ्या वाजवून राहिले, कायचं कॉलेज व हे?" तू टाळ्या वाजवल्या नाहीत. तू आधी पडद्याकडे पाहिलेस आणि मग माझ्याकडे धावलीस. ते मी पाहिले. वाईट वाटून घेऊ नकोस. वर्गात मूल फळ्यासमोर घसरून पडले तेव्हा मीही आधी उत्तर बरोबर आले का ते पाहिले होते.

काल कॉलेजचे पत्र आले, ते तुलाही आले असेल. डेटा खरा आहे, विद्यार्थिनीवर दोष नाही. परंतु चाल नैसर्गिक नसल्याने ग्राह्य धरता येत नाही. एकवीस दिवसांची साधी चाल १० मेपर्यंत जमा करावी, तर यंदाच निकाल लागेल.

तुझा बाप उमेंद्र काल संध्याकाळीच येऊन गेला. चार पायांचा वॉकर घेऊन आला होता आणि तिरोड्याला चला म्हणत होता. मी त्याला पत्र दाखवले. म्हटले, मुलीचे वर्ष वाचवायचे की बापाला न्यायचे, तूच सांग. तो खाटेवर टेकला. म्हणाला, "दहा मेपर्यंत राहा बाबा. मंग पाहू." वॉकर ठेवून गेला. आजी त्याच्यावर पापड वाळवते.

आज पहिला दिवस. मंडळी नेहमीप्रमाणे पाळीवर पाय धुऊन तयार होती. मी त्यांना सांगितले की आजपासून कविता नाही, आणि मी कसा चालतो ते तुम्हाला दिसेल. निघालो. मागे कोणी हसले नाही. धुरपताबाई तेवढी म्हणाली, "असंच चालत जा ना जी, आमालेबी जमते हे." जागेश्वर डाव्या अंगाने चालला, हात पुढे करून, धरतो म्हणून नाही, उगाच.

पाचशे चाळीस पावले झाली. घंटी चार वेळा वाजली. पडलो एकदा. उरलेल्या तीन वेळा ती खोटी वाजली, की ती वाजली म्हणून मी थांबलो आणि पडलो नाही, हे मला सांगता येत नाही. ते तू शोध. मी उद्या पुन्हा चालतो.

तुझा,
आबाजी